मालमोटारीचे डिझेल जाते कोठे?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निपाणी येथे दिलेले भाषण)



कालपासून या व्यासपीठावरून आपण शिक्षण, आरोग्य, शिष्यवृत्त्या अशा विषयांवर जाणत्या वक्त्यांची भाषणे ऐकत आहात. त्यांच्यामागून एक मास्तर डिझेल तेलाचा विषय घेऊन उभा राहतो, याचे काहींना नवल वाटेल. मी मोटारमालक नाही. हायस्कुलात मुलांना विज्ञान शिकवितो. परंतु आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल मालमोटारीवर पेटते. कोणी मालक, कोणी ड्रायव्हर, कोणी क्लीनर, कोणी मिस्त्री. ट्रस्टकडे शाळेच्या फीसाठी येणारे अर्ज मी गेली काही वर्षे वाचीत आलो आहे. 'गाडीचे हप्ते थकले' हे वाक्य त्यांत किती वेळा येते, ते मला ठाऊक आहे. म्हणून हा विषय मीच मागून घेतला.

मी बोलणार आहे ते सहाचाकी आणि दहाचाकी गाड्यांविषयी. एकाच चासीवर पुढे केबिन आणि मागे हौदा, अशी ही गाडी. ट्रेलर जोडलेल्या लांब गाड्यांचा विचार आज नको. ऊस, तंबाखू, विटा, वाळू, भाजीपाला, सिमेंट हे सारे आपल्याकडे मुख्यतः या गाड्यांतूनच जाते.

आधी थोडे गणित करू. दहाचाकी गाडी महिन्याला ६,००० किलोमीटर धावते आणि लिटरला ४ किलोमीटर देते असे धरा. म्हणजे महिन्याला १,५०० लिटर डिझेल लागले. हिशेबाला सोपा म्हणून लिटरचा भाव ९० रुपये घेऊ. खर्च झाला १,३५,००० रुपये. आता तीच गाडी ४ ऐवजी ३.६ देऊ लागली. हा फरक तोंडाने बोलताना काहीच वाटत नाही. पण त्यापायी डिझेल लागते १,६६७ लिटर, आणि महिन्याकाठी १५,००० रुपये जादा जातात. वर्षाचे झाले एक लाख ऐंशी हजार. एवढ्यात एका मुलाचे कॉलेज होते. हे पैसे कोणी खिसा कापून नेलेले नसतात, म्हणून ते गेल्याचे आपल्याला समजतही नाही.

आणि समजले म्हणजे आपण पहिला संशय घेतो तो माणसावर. ही गोष्ट आमच्या घरातलीच आहे. भाईजानच्या परवानगीने ती सांगतो.

माझ्या थोरल्या भावाने कर्ज काढून दहाचाकी घेतली. तिच्यावर सात वर्षे एकच ड्रायव्हर होता. नात्याचा नव्हे, पण आम्ही सारी भावंडे त्याला मामू म्हणत असू. गाडी ४.१ च्या आसपास देत असे. एका हिवाळ्यात ती ३.६ वर आली. भाईजानने दोन महिने वाट पाहिली आणि एके दिवशी अंगणातच, सर्वांच्या देखत विचारले, "मामू, तेल कुठं विकता?" मामूने उत्तर दिले नाही. किल्ली कट्ट्यावर ठेवली आणि तो निघून गेला. नवा ड्रायव्हर आला. महिन्याने हिशेब केला तर गाडी ३.५ देत होती.

तेव्हा कोठे गाडी तपासावी असे आम्हांला सुचले! निघाले ते असे. त्याच्या आधीच्या गळिताच्या हंगामात उसाचे पाचट आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत भरून बसली होती. त्यामुळे उन्हाळ्यात इंजिन तापू लागले. वाटेतल्या एका गॅरेजात गाडी दाखविली. तेथल्या मिस्त्रीने जाळी धुतली नाही. थर्मोस्टॅट काढून फेकून दिला आणि 'आता तापणार नाही' म्हणून सांगितले. उन्हाळ्यात ते बरे वाटले. जाळी पुढे पहिल्या पावसाळ्यात आपोआप धुऊन निघाली. थर्मोस्टॅट मात्र नव्हताच. डिझेल इंजिनाला काम करण्यासाठी ८० ते ९० अंश सेल्सियसची ऊब हवी असते. थर्मोस्टॅट ही झडप इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती नसेल तर पाणी सतत फिरते आणि हिवाळ्यात, विशेषतः रात्रीच्या फेरीत, इंजिन थंडच राहते. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, इंजिन तेल घट्ट राहते आणि घर्षण वाढते. काट्याकडे पाहून ड्रायव्हर खूष, की गाडी कशी थंड चालते!

दुसरे कारण मागच्या डाव्या चाकाचे. ब्रेकची परतीची स्प्रिंग मोडली होती आणि लायनर ड्रमला सतत घासत होते. म्हणजे एक पाय ब्रेकवर ठेवूनच गाडी शेकडो किलोमीटर चालली. हे ओळखायला यंत्र लागत नाही. पंधरा-वीस किलोमीटर धावल्यावर गाडी सपाटीवर शक्यतो कमी ब्रेक मारून थांबवावी आणि प्रत्येक चाकाच्या हबजवळ हाताची पाठ न्यावी. आधी दुरूनच, कारण भाजते. बाकीची चाके कोमट आणि एकच कडकडीत असेल, तर तुमचे डिझेल तेथे जळत आहे.

या सगळ्यात आमची स्वतःची चूक कोणती होती, तेही सांगतो. आमचा हिशेबच खोटा होता. आम्ही दहा हजारांचे डिझेल टाकीत असू आणि रुपयांना किलोमीटरने भागीत असू. टाकीत आधीचे किती उरले होते, भाव किती बदलला, याचा त्यात पत्ता नसे. खरा हिशेब एकच. टाकी काठोकाठ भरा आणि मीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, तशाच सपाट जागी पुन्हा काठोकाठ भरा आणि किती लिटर मावले ते लिहा. मध्ये किती किलोमीटर झाले त्याला त्या लिटरांनी भागा. त्याच ओळीत माल किती टन होता, कोठून कोठे गेला, रिकामी किती धावली, घाट होता की सपाटी, हेही लिहा. उसाच्या फडातून रुतत निघालेल्या गाडीची तुलना पुण्याच्या हमरस्त्याने गेलेल्या गाडीशी करणे हा अन्याय आहे. आज आमच्याकडे ही वही भाभी लिहितात. भाईजानपेक्षा त्यांचे अक्षर चांगले आणि आकडे जास्त खरे.

हल्ली पुष्कळ गाड्यांना जागा दाखविणारे यंत्र बसविलेले असते. ते चांगलेच आहे. पण गाडी कोठे उभी आहे एवढे त्यावरून कळते, डिझेल का जास्त लागले ते कळत नाही.

आता डिझेल जाते कोठे, ते थोडे शास्त्राच्या अंगाने पाहू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. तेव्हा तेलातल्या शक्तीचा सुमारे २६ टक्के भाग कामाला येत होता, आणि त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपुढे हा चमत्कारच होता. आज चांगल्या स्थितीतल्या मालमोटारीच्या इंजिनात सुमारे ४० टक्के कामाला येतो. बाकीचा धुरातून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन जातो. तो आपल्या हातात नाही. जो कामाला येतो त्याचे पुढे काय होते, ते मात्र बरेचसे आपल्या हातात आहे. टायर दबून उठण्यात, हवा कापण्यात, चढ चढण्यात आणि ब्रेक मारण्यात तो खर्च होतो.

टायरांचे पाहा. आपले ड्रायव्हर लोखंडी टॉमी टायरवर मारतात आणि आवाजावरून हवा ठरवितात. पंक्चर झालेला टायर त्यावरून कळेल. पण शंभर-एकशेदहा पौंडांऐवजी ऐंशीच हवा आहे, हे कोणाच्याही कानाला समजणार नाही. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो आणि तापतो. ती उष्णता डिझेलचीच असते. जोडचाकांतला आतला टायर तर सर्वांत दुर्दैवी. त्याचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही म्हणून तो महिनोन्महिने तपासला जात नाही. जोडीतल्या एकात हवा कमी असली की सारा भार दुसऱ्यावर येतो. मग तोही फुटतो आणि आपण रिमोल्डवाल्याला शिव्या देतो. लांबणीचा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. धावून आल्यावर तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते. ती काढून टाकण्याची चूक करू नये. रात्री टायर निवल्यावर तीच हवा कमी पडते. किती हवा भरायची हे गाडीच्या आणि टायरच्या कंपनीने भाराप्रमाणे दिलेले असते. शेजाऱ्याच्या गाडीत किती आहे, यावर ते ठरत नाही.

हवेच्या रोधाचा नियम आमच्या पुस्तकात आहे. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० वरून ८० वर गेले की वेग वाढतो एकतृतीयांशाने, पण रोध होतो सुमारे पावणेदोन पट. मालमोटारीचे तोंड तर भिंतीसारखे. ३०० किलोमीटरच्या फेरीत ८० ने धावून वाचतात सव्वा तास, तेही रस्ता अगदी मोकळा असेल तर. आणि पुढे काय होते? मार्केट यार्डात गाडी खाली करण्याच्या रांगेत आपण तीन तास उभे! सैल बांधलेली, फडफडणारी ताडपत्रीही हवेशी भांडतच जाते. ती आवळून बांधायला दहा मिनिटे लागतात.

त्या रांगेत इंजिन चालू ठेवण्याची सवय फार वाईट. उभ्या मालमोटारीचे इंजिन लहान-मोठेपणाप्रमाणे तासाला दीड ते तीन लिटर पिते. रोज दोन तास, महिन्याचे पंचवीस दिवस आणि तासाला २ लिटर धरले, तर १०० लिटर म्हणजे ९,००० रुपये नुसत्या उभ्याने गेले. मात्र एक सांभाळावे. चढ चढून किंवा जोरात धावून आल्यावर लगेच किल्ली बंद करू नये. टर्बो निवायला एखाद-दोन मिनिटे द्यावीत. तसेच सकाळी ब्रेकच्या टाकीत हवेचा दाब भरेपर्यंत थांबावेच लागते. ते डिझेल वाया गेले असे समजू नये.

आता घाट. येथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण येथे डिझेलबरोबर माणसेही जातात.

२८ टनांची भरलेली गाडी आहे असे समजा. आंबोलीहून सावंतवाडीच्या बाजूला उतरताना सुमारे ६०० मीटर उंची कमी होते. एवढ्या वजनाला एवढे खाली आणताना जी शक्ती मोकळी होते, ती साडेचार लिटर डिझेलमधल्या शक्तीइतकी आहे. ती सगळी ब्रेकच्या ड्रमांत गेली, तर त्या उष्णतेने पाचशे लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. विचार करा, पाचशे लिटर पाणी उकळेल एवढा विस्तव सहा ड्रमांत! ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते, आणि पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. नंतर पेपरात छापून येते, 'ब्रेक फेल'. पुष्कळदा ब्रेक मोडलेला नसतोच, भाजून निकामी झालेला असतो.

असे असताना आपल्यातले काही जुने ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करतात. का, तर तेल वाचते म्हणून. त्यांचा हा समज मला मुळातूनच काढायचा आहे. गाडी गिअरमध्ये असेल आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला असेल, तर चाकेच इंजिनाला फिरवितात. अशा वेळी आजच्या इलेक्ट्रॉनिक पंपाच्या इंजिनात डिझेल पूर्ण बंद होते. जुन्या पंपाच्या गाडीतही गव्हर्नर ते तोडतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या बळावर चालू राहायला हवे, म्हणून ते डिझेल पीतच राहते. म्हणजे न्यूट्रलमध्ये तेल जास्त जाते आणि इंजिनाचा रोधही हातचा जातो. ज्या गिअरने गाडी चढली असती, त्याच किंवा त्याच्याही खालच्या गिअरने उतरावी. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो वापरावा आणि गिअर घाट सुरू होण्याआधीच टाकावा. उतारावर वेग धरलेली भरलेली गाडी न्यूट्रलमधून पुन्हा गिअरमध्ये घेता येईलच, याची खात्री कोणी देऊ नये.

अब्बा १२१० चालवीत. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे येथे बसली आहेत. १९५४ साली जमशेदपूरला टाटा आणि जर्मन कंपनी यांच्या सहकार्याने मालमोटारी निघू लागल्या. त्या जातीच्या गाड्यांवर दोन पिढ्यांचे हात बसले. त्या हातांना मी नावे ठेवीत नाही. पण गाडी बदलली आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या गाड्या आल्या, डिझेलमधले गंधक दशलक्षात १० भागांवर आले, आणि धुराच्या नळीत दोन नव्या वस्तू बसल्या. एक काजळी धरणारी जाळी. दुसरी, युरियाच्या पाण्याने विषारी वायू निकामी करणारे भांडे. या पाण्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी असते. शेतातल्या खताचा युरिया बोअरच्या पाण्यात कालवून टाकीत ओतणारे महाभाग मला भेटले आहेत. खत स्वस्त पडते खरे. पण त्या पाण्यातल्या क्षारांनी जे भांडे बिघडते, त्याच्या किंमतीत काही वर्षांचे चांगले द्रव आले असते. शिवाय यंत्रणेला खोट समजली की ती इंजिनाची ताकदच कमी करते आणि गाडी रस्त्यात गोगलगाय होते. इंजिन तेलही या गाड्यांना कमी राखेचे, पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचेच लागते. काजळीची जाळी अधूनमधून स्वतःला तापवून काजळी जाळते. तिचा दिवा लागला असता गाडी मध्येच बंद करू नये.

जुन्या गाड्यांचा धूर मात्र पुष्कळ बोलतो. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. एअर फिल्टर तुंबलेला, नोझल खराब, किंवा भार आणि गिअर यांचा मेळ नाही. निळा म्हणजे इंजिन तेल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर पाणी आत जात नाही ना, ते पाहावे. एअर फिल्टर जोराच्या हवेने झाडून पुन्हा पुन्हा वापरण्यात काटकसर नाही. कागदाला बारीक भोके पडतात आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. डिझेल फिल्टरखालचे पाणी ठरल्याप्रमाणे सोडावे. गळतीबद्दल माझ्या आठवीच्या मुलांनी केलेला हिशेब ऐका. सेकंदाला एक थेंब, वीस थेंबांचा एक मिलिलिटर. दिवसाला सव्वाचार लिटरहून अधिक! पाइपाच्या जोडावर ओला डाग दिसला तर 'बघू उद्या' म्हणू नये.

भाराविषयी खरे तेच सांगतो. गाडी जास्त भरली की टनामागे लागणारे डिझेल कमी होते. मालक म्हणतात ते खोटे नाही, आणि रिकामी परतणारी गाडी निम्म्याहून अधिक तेल उगीच खाते हेही खरे. म्हणून परतीचा माल मिळविण्यासाठी चार फोन जास्त करावेत, भाडे थोडे कमी आले तरी चालेल. पण कायद्याची मर्यादा ओलांडू नये. जुलै २०१८ मध्ये ती वाढवून दिलीच आहे. दोन ॲक्सलच्या गाडीला १६.२ चे १८.५ टन आणि तीन ॲक्सलच्या गाडीला २५ चे २८.५ टन झाले. त्यावर घातलेला प्रत्येक टन टायर, पाटे आणि ब्रेक यांच्याकडून वसूल होतो. आणि तवंदीचा उतार दंडाची पावती फाडीत नाही.

मामूचे काय झाले, असे मागच्या ओळीतून कोणी तरी विचारीत आहे. दोष सापडल्यावर भाईजान त्याच्या घरी गेला. मीही बरोबर होतो. भाईजानला बोलता येईना, म्हणून मोडकी स्प्रिंग त्याने खिशातून काढून मामूपुढे ठेवली. मामूने ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "मी दोनदा सांगितलं होतं, डावीकडं ओढतेय म्हणून." त्याने खरोखरच सांगितले होते. आम्ही 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' म्हटले होते. तो आमच्याकडे परत आला नाही. दुसऱ्या मालकाकडे लागला होता, आणि दिलेला शब्द मोडणार नाही म्हणाला. आजही रस्त्यात भेटला की गाडी किती देते ते विचारतो. आम्ही सांगतो तो आकडा आता वहीतला असतो.

तेव्हापासून आमच्या वहीत शेवटचा रकाना ड्रायव्हरच्या तक्रारीचा आहे. 'ओढते', 'आवाज येतो', 'चढाला दम नाही', जे तो म्हणेल ते तारखेसह लिहायचे, आणि काय केले तेही त्याच्यासमोर लिहायचे.

बोलणे पुरे झाले. बाहेर पटांगणात सकाळपासून एक दहाचाकी उभी करून ठेवली आहे. टायर थंड आहेत. ट्रस्टने हवा मोजण्याचे दोन गेज आणले आहेत. आतल्या चाकांत किती हवा असेल, याचा अंदाज प्रत्येकाने आधी कागदावर लिहावा, मग आपण मोजू. चला, ऊन चढण्यापूर्वी आटोपून घेऊ.